विमानप्रवासात टॉर्च आणि सेल: कोणता सेल कोणत्या बॅगेत

आमच्या घरातली मागच्या पिढीची माणसे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि बॅटरीला ‘सेल’. ‘कपाटावरची बॅटरी काढ आणि सेल उतरलेत का बघ’ हे वाक्य पावसाळ्यात वीज गेली की ठाण्यातल्या आमच्या घरी अजूनही ऐकू येते आणि त्यात कुणाचाही घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो विमानतळावर. चेक-इन काउंटरवर ‘बॅगेत बॅटरी, पॉवर बँक वगैरे काही आहे का?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला टॉर्चशी काहीच कर्तव्य नसते. त्याला सुट्या सेलची चौकशी करायची असते. गणपतीसाठी गोव्यातल्या मोपा विमानतळामार्गे सावंतवाडीला निघालेले आमचे एक नातेवाईक या प्रश्नाला ‘हो, तीन सेलची आहे’ असे प्रामाणिक उत्तर देऊन बसले आणि पुढची दहा मिनिटे बॅग उघडून दाखवण्यात गेली.

साधी टॉर्च विमानातून नेण्यावर बंदी नाही. नियम आहेत ते तिच्या पोटातल्या सेलबद्दल, आणि तेही सेलचा आकार किती यापेक्षा त्याच्या आत कोणता मसाला आहे यावर ठरतात. लिथियमचा सुटा सेल चेक-इन बॅगेत टाकता येत नाही, तो प्रवाशाबरोबर केबिनमध्येच गेला पाहिजे. उलट भारतातल्या विमानतळांवर साधा पेन्सिल सेल हातातल्या बॅगेत अडवला जाण्याची शक्यता असते, म्हणून तो चेक-इन बॅगेत गेलेला बरा. म्हणजे एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी पडलेले, दिसायला जुळ्यासारखे दोन सेल विमानतळावर विरुद्ध दिशांना जातात. हिमालयातल्या ट्रेकसाठी दरवर्षी ठाणे, डोंबिवली आणि नवी मुंबईतून निघणाऱ्या मंडळींना हेडटॉर्चशिवाय चालत नाही, आणि बहुतेकांची फजिती नेमकी या वाटणीत होते. म्हणून बॅग भरायला घेण्याआधी सेलची वाटणी करावी, आणि हे काम निघण्याच्या आदल्या रात्री न करता दोन-तीन दिवस आधी करावे, कारण एखादी वस्तू बदलून आणायची झाली तर हाताशी वेळ राहतो.

सगळे सेल टेबलावर मांडा

घरातल्या सगळ्या टॉर्च, हेडटॉर्च, पॉवर बँका आणि सुटे सेल एका टेबलावर काढून ठेवावेत आणि त्यांचे चार ढीग करावेत.

पहिला ढीग साध्या सेलचा. पेन्सिल सेल, त्याहून बारीक असलेला छोटा पेन्सिल सेल, आणि जुन्या स्टीलच्या टॉर्चमध्ये एकामागून एक सरकवले जाणारे जाड सेल हे सगळे यात येतात. त्यांच्यावर दीड व्होल्ट लिहिलेले असते आणि ते झिंक-कार्बनचे किंवा अल्कलाइन असतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी वापरले जाणारे, पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात आणि त्यांच्यावर १.२ व्होल्ट छापलेले असते. तेही याच ढिगात ठेवावेत.

दुसरा ढीग लिथियम-आयनचा, म्हणजे पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांचा. पॉवर बँक, यूएसबीने चार्ज होणाऱ्या टॉर्च आणि हेडटॉर्च, आणि चांगल्या टॉर्चमध्ये वापरले जाणारे १८६५० व २१७०० या आकारांचे सेल यात येतात. हे आकडे गूढ वाटतात, पण त्यांचा अर्थ सरळ आहे: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, तर २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी. त्यांच्यावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेले असते आणि ढीग ओळखण्याची तीच सर्वांत सोपी खूण आहे.

तिसरा ढीग चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलचा. किल्लीच्या जुडग्याला अडकवलेल्या चिमुकल्या टॉर्चमधला लिथियमचा बटन सेल आणि काही टॉर्चमध्ये लागणारा सीआर१२३ए हा बुटका सेल यात बसतात. याच ढिगात पेन्सिल सेलच्याच मापाचा, पण लिथियमचा बनलेला दीड व्होल्टचा सेलही येतो, आणि सगळ्यात जास्त फसवणूक हाच करतो. आकार तोच, व्होल्ट तेवढेच, टॉर्चमध्ये बसतोही तसाच. फरक फक्त वेष्टणावरच्या ‘लिथियम’ या शब्दाचा आणि हातात घेतल्यावर जाणवणाऱ्या हलकेपणाचा. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात आणि हा टिकतो, म्हणून उंचावरच्या ट्रेकला जाणारे लोक तो मुद्दाम घेतात.

चौथा ढीग बहुधा एकाच वस्तूचा असतो: मागे दोन पिना असलेली, थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचून चार्ज करायची टॉर्च. अशा स्वस्त टॉर्चमध्ये आणि घरगुती इमर्जन्सी दिव्यांत अनेकदा बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी असते. न सांडणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीला आंतरराष्ट्रीय नियमांत १२ व्होल्ट आणि १०० वॉट-अवरच्या (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) मर्यादेत परवानगी आहे. पण अशा टॉर्चवर आत काय आहे हे धडपणे लिहिलेले नसते, आणि जे लिहिलेले नाही ते तपासणीच्या रांगेत उभे राहून समजावून सांगणे कठीण जाते. ही टॉर्च घरीच ठेवावी, गॅलरीतल्या माळ्यासाठी ती उत्तम आहे.

ढीग करतानाच फुगलेली पॉवर बँक, वेष्टण फाटलेला, गंजलेला किंवा चेपलेला सेल बाजूला काढावा. असा सेल कोणत्याच बॅगेत जाता कामा नये. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सोडवलेले, वेष्टणावर काहीही न छापलेले सेल टॉर्चप्रेमींच्या घरात हमखास सापडतात. तेही विमानात नेऊ नयेत.

वॉट-अवरचा हिशेब

लिथियम-आयन बॅटरीसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विमान कंपनीच्या खास परवानगीशिवाय नेता येते. १००पेक्षा जास्त आणि १६०पर्यंतची असेल तर कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन नेता येतात. १६०च्या वरची बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालतच नाही. चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलसाठी मर्यादा त्यातल्या लिथियमच्या वजनावर असते आणि ती प्रत्येक सेलला २ ग्रॅम आहे. बटन सेल, सीआर१२३ए आणि लिथियमचे पेन्सिल सेल या मर्यादेच्या बरेच आत असतात, त्यामुळे त्यांचे वजन शोधत बसण्याची गरज नाही.

वॉट-अवर लिहिलेले नसतील तर एमएएचच्या, म्हणजे बॅटरीवर छापलेल्या मिलिअँपिअर-अवरच्या, आकड्याला व्होल्टने गुणून १०००ने भागावे. ३५०० एमएएचचा, ३.६ व्होल्टचा १८६५० सेल १२.६ वॉट-अवरचा होतो आणि ५००० एमएएचचा २१७०० सेल १८ वॉट-अवरचा. म्हणजे नेहमीच्या टॉर्चचा कोणताही एक सेल मर्यादेच्या जवळपासही जात नाही. सायकलच्या दिव्यासाठी चार १८६५० सेल एकत्र बांधलेला पॅक असेल, तर तो एकच बॅटरी मानून बेरीज करावी. ती साधारण ५० वॉट-अवर होते. काळजी घ्यावी लागते ती पॉवर बँकेची आणि हँडल असलेल्या मोठ्या सर्चलाइटची. ३.७ व्होल्टने हिशेब केला तर १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७, २०,०००ची ७४ आणि २७,०००ची ९९.९ वॉट-अवरची होते. ३०,०००ची मात्र १११वर जाऊन परवानगीच्या कक्षेत पडते.

इथे एक चूक सर्रास होते. पॉवर बँकेतून बाहेर येणारी वीज ५ व्होल्टची असते, म्हणून काही जण ५ने गुणतात आणि २०,००० एमएएचची बँक १०० वॉट-अवरला टेकली असे समजून घाबरतात. एमएएचचा छापील आकडा सहसा आतल्या सेलचा असतो, आणि आतला सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा, तेव्हा गुणायचे त्याच आकड्याने. पॉवर बँकेच्या पाठीवरची अक्षरे वापरून घासली गेली असतील तर हा सगळा हिशेब तपासणीच्या टेबलावर निरुपयोगी ठरतो, कारण तिथे तोंडी आकडा कुणी मानत नाही आणि वाचता न येणारी बँक काढून घेतली जाऊ शकते.

रस्त्यावरच्या स्टॉलवर ९,००० किंवा त्याहून जास्त एमएएच छापलेले १८६५० सेल दीड-दोनशे रुपयांत दिसले तर ते घेऊ नयेत. या मापाच्या सेलमध्ये चांगल्यातल्या चांगल्या उत्पादकालाही साडेतीन-चार हजारांच्या फार पुढे जाता आलेले नाही. छापील आकडा खोटा असेल, तर आतले सुरक्षा सर्किट तरी खरे असेल याची खात्री कशी बाळगायची?

लिथियम केबिनमध्येच का

पुष्कळांना हा नियम उलटा वाटतो. पेट घेऊ शकणारी वस्तू माणसांपासून दूर, विमानाच्या पोटात ठेवायला हवी, असा विचार मनात येणे साहजिक आहे. पण लिथियम-आयन सेलमध्ये आतून शॉर्ट सर्किट झाले की त्याचे तापमान स्वतःहून वाढत जाते, ज्वलनशील वायू बाहेर पडतो आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. विमानाच्या सामानकक्षात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण तापत चाललेल्या सेलला थंड करत नाही, त्यामुळे सेल पुन्हा धुमसू शकतो. केबिनमध्ये मात्र धूर दिसताच कर्मचारी धावून येतात, ज्वाळा विझवतात आणि भरपूर पाणी ओतून सेल थंड करतात.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले यूपीएसचे बोइंग ७४७ मालवाहू विमान सामानाला लागलेल्या आगीनंतर कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या सामानात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवण्यासच आंतरराष्ट्रीय मनाई झाली. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच आगीत सापडले आणि तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवले गेले, तेव्हापासून कंपन्यांचे नियम भराभर कडक झाले. कोरियाने १ मार्च २०२५पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास बंदी घातली, सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात तिचा वापर थांबवला, चीनने २८ जूनपासून देशांतर्गत उड्डाणांत तिथल्या ‘३सी’ प्रमाणचिन्हाशिवाय पॉवर बँक नेण्यास मनाई केली, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून प्रत्येक प्रवाशाला १०० वॉट-अवरच्या आतली एकच बँक, तीही न वापरण्याच्या अटीवर, नेण्याची मुभा ठेवली. म्हणून तिकीट काढलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा नियम निघण्याच्या आठवड्यात एकदा वाचावा. गेल्या वर्षीच्या प्रवासाच्या आठवणीवर विसंबू नये.

पेन्सिल सेलची भारतीय गोष्ट

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अल्कलाइन आणि निकेल-मेटल हायड्राइडचे सेल हातातल्या आणि चेक-इन अशा दोन्ही बॅगांत चालतात. परदेशी संकेतस्थळे वाचून तयारी करणारा माणूस त्यामुळे निश्चिंत होतो आणि मुंबईच्या तपासणीत अडकतो. भारतात हातातल्या सामानात नेऊ नयेत अशा वस्तूंच्या याद्या विमान कंपन्यांच्या तिकिटांवर छापलेल्या असतात, आणि चाकू-कात्रीच्या जोडीला त्यांत ड्राय सेल बॅटरीचे नाव वर्षानुवर्षे दिसते. यामागचा हेतू आगीचा नसून सुरक्षेचा आहे. प्रत्यक्षात कधी टॉर्चमधले सेल तसेच जाऊ दिले जातात, कधी काढून ठेवायला लावतात. श्रीनगर, जम्मू आणि लेह इथली तपासणी अधिक कडक असल्याने तिथे सवलतीची अपेक्षाच ठेवू नये. जवानाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याला तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा असतो आणि मागे रांग वाढत असते.

यातून निघणारी कामाची रीत अशी: साधे पेन्सिल सेल आणि ते घातलेली टॉर्च चेक-इन बॅगेत ठेवावी. फक्त हातातली बॅग घेऊन जायचे असेल, तर सेलची टॉर्च घरी ठेवून यूएसबीने चार्ज होणारी, आत लिथियम बॅटरी बसवलेली टॉर्च न्यावी, किंवा टॉर्च रिकामी न्यावी आणि सेल पोहोचल्यावर विकत घ्यावेत. पेन्सिल सेल मिळत नाहीत असे तालुक्याचे गाव देशात शोधून सापडणार नाही, आणि लेह-मनालीच्या बाजारात तर ट्रेकिंगच्या सामानाचीच दुकाने आहेत.

लिथियमच्या पेन्सिल सेलची मात्र खरोखर कोंडी होते. नियमाने सुटा लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाही, आणि हातातल्या बॅगेत तो क्ष-किरण यंत्रावर साध्या पेन्सिल सेलसारखा दिसतो. तो न्यायचाच असेल तर दुकानातल्या न फोडलेल्या पाकिटात, ‘लिथियम’ हा शब्द दर्शनी राहील असा न्यावा. माझे मत विचाराल तर भारतातल्या प्रवासासाठी या सेलच्या नादी लागू नये. चार्ज होणारी हेडटॉर्च घ्यावी आणि थंडीत ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवावी, म्हणजे बॅटरी गारठत नाही.

बॅगेत टॉर्च आपोआप पेटू नये

काही वर्षांपूर्वी कसाऱ्याहून परतताना लोकलमध्ये माझ्या सॅकमधून जळका वास येऊ लागला. वरच्या कप्प्यात कोंबलेल्या हेडटॉर्चचे बटन कशाने तरी दाबले गेले होते, दिवा पूर्ण प्रखरतेने चालू होता आणि समोरची प्लास्टिकची पिशवी वितळून काचेला चिकटली होती. लोकलमध्ये निदान सॅक मांडीवर होती. हजार लुमेनची टॉर्च बंद बॅगेत, कपड्यांच्या घडीत अर्धा तास चालू राहिली तर काय होईल याची कल्पना त्या दिवशी आली.

टॉर्च नेताना ती चुकून चालू होणार नाही अशी व्यवस्था करणे नियमातही आहे आणि शहाणपणाचेही आहे. सेल काढता येत असेल तर काढून वेगळा ठेवणे सर्वांत खात्रीचे. फक्त लक्षात ठेवावे, की टॉर्चमधून काढलेला लिथियम सेल त्या क्षणापासून सुटा सेल ठरतो आणि त्याला केबिनचाच नियम लागतो. टॉर्च चेक-इन बॅगेत आणि तिचा सेल हातात, अशी फोड चालते, उलटी चालत नाही. धातूच्या टॉर्चचे मागचे झाकण पाव वेढा सैल केल्यानेही काम होते, कारण चांगल्या टॉर्चच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर असतो आणि झाकण सैल होताच नळीच्या कडेचा संपर्क तुटतो. पण प्रत्येक टॉर्चच्या आट्या तशा नसतात, म्हणून झाकण सैल करून बटन दाबून पाहावे. दिवा लागला तर तो उपाय त्या टॉर्चसाठी बाद. काही नव्या टॉर्चमध्ये बटन लॉक करण्याची सोय असते, आणि ती कशी लावायची व काढायची हे माहितीपत्रकात पाहून घरीच दोनदा करून बघावे, कारण लॉक केलेली टॉर्च तंबूत मध्यरात्री उघडता न येणे हाही एक प्रकारचा अंधार आहे. काहीच सोय नसेल तर सेल आणि झाकणाच्या मधे जाड कागदाची चकती घालावी. सेल उलटा घालून ठेवण्याची जुनी युक्ती एका सेलच्या साध्या टॉर्चपुरती ठीक. दोन-तीन सेलच्या टॉर्चमध्ये एखादाच सेल उलटा घालणे धोक्याचे असते, आणि लिथियम सेलच्या बाबतीत ते करूच नये.

आत बॅटरी बसवलेली टॉर्च शक्यतो हातातल्या बॅगेतच न्यावी. ती चेक-इन बॅगेत टाकावीच लागली तर पूर्ण बंद करून, लॉक करून आणि कपड्यांत गुंडाळून टाकावी.

पाणबुड्यांच्या टॉर्चचा मामला निराळा आहे. मालवण किंवा अंदमानला स्कूबासाठी जाणारे जी प्रखर टॉर्च नेतात ती पाण्याने थंड राहील अशा बेताने बनवलेली असते आणि हवेत पेटली तर भयंकर तापते. तिच्यासाठी विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते आणि बॅटरी किंवा दिव्याचा भाग अलग करावा लागतो. विजेचा झटका देणारी ‘स्वसंरक्षणाची’ टॉर्च कोणत्याच बॅगेत चालत नाही, तिच्यात दिवा आहे हा युक्तिवाद ऐकला जात नाही. लायटर जोडलेली टॉर्चही घरीच ठेवावी. कंगोरेदार कडेची किंवा दंडुक्यासारखी लांबलचक धातूची टॉर्च हातातल्या बॅगेत हत्यार म्हणून अडवली जाऊ शकते. वडिलांची तीन सेलची स्टीलची टॉर्च न्यायचीच असेल तर तिची जागा चेक-इन बॅगेत, आणि तिच्यातले जाड सेल साधेच असल्याने तिथे कुणाची हरकत नसते.

सुटे सेल कसे बांधावेत

शॉर्ट सर्किट होण्यासाठी सेलची दोन्ही टोके एखाद्या धातूने जोडली जाणे पुरेसे असते, आणि खिशातली किल्ली किंवा दहाचे नाणे तेवढे काम चोख करते. १८६५० सेलमध्ये हे विशेष धोक्याचे आहे, कारण त्याची जवळजवळ सगळी बाहेरची बाजू ऋण टोक असते आणि वरचे पातळ वेष्टण फाटले की शॉर्ट व्हायला फार काही लागत नाही. म्हणून प्रत्येक सेल स्वतंत्र कप्प्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. अशा डब्या स्वस्त असतात. डबी नसेल तर दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून प्रत्येक सेल छोट्या झिपच्या पिशवीत घालावा. स्टीलचा डबा या कामासाठी वापरू नये, लोणच्याचा रिकामा असला तरी. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात, त्यामुळे ती चेक-इन बॅगेत टाकतानाही टेप लावल्याशिवाय टाकू नये.

सगळ्या लिथियम वस्तू, म्हणजे सुट्या सेलची डबी, पॉवर बँक, चार्ज होणारी टॉर्च आणि बटन सेलचे पाकीट, एकाच पारदर्शक पाऊचमध्ये ठेवून तो पाऊच हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावा. याचा पुढे दोनदा उपयोग होतो. सेल किती न्यावेत याला आंतरराष्ट्रीय नियमांत २० सुट्या बॅटऱ्यांपर्यंत वाव आहे, कंपनीची मर्यादा त्याहून कमी असू शकते. पण आठ दिवसांच्या ट्रेकला दोन जादा सेल पुष्कळ झाले.

घरातून गेटपर्यंत

ठाण्याहून मुंबई विमानतळाला निघणाऱ्याने शेवटची पडताळणी दारातच करावी. घोडबंदर रोडवर गाडी अडकल्यावर ‘पॉवर बँक कुठल्या बॅगेत टाकली?’ हा प्रश्न पडला तर डिकी उघडण्याची सोय नसते. सामान थोडे असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३ पकडून टर्मिनल २, असा रस्त्यावरची कोंडी टाळणारा मार्ग आता आहे. मात्र मेट्रोच्या प्रवेशद्वारावरही बॅगा यंत्रातून जातात, तेव्हा तो पाऊच वरच असलेला बरा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५पासून प्रवाशांसाठी सुरू झाल्यामुळे ऐरोली, वाशी आणि पनवेलच्या लोकांची मोठी धावपळ वाचली आहे, पण तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे हे बघून निघावे. सोडायला कुणी आले असेल तर त्यांना बॅग चेक-इन होईपर्यंत बाहेर थांबायला सांगावे. एखादी वस्तू परत द्यायची वेळ आली तर ती कचऱ्याच्या डब्यात न जाता घरी जाते.

चेक-इन बॅगा पट्ट्यावरून पुढे गेल्यावर त्यांची क्ष-किरण तपासणी होते. त्यात पॉवर बँक किंवा लिथियमचे सुटे सेल दिसले तर बॅग बाजूला काढली जाते, प्रवाशाला शोधले जाते आणि वस्तू काढल्याशिवाय बॅग पुढे जात नाही. सॅकच्या तळाशी विसरलेल्या दोन सेलपायी माझ्या नावाची घोषणा एकदा झालेली आहे. तेव्हा विमान चुकले नाही, पण पुन्हा मागे जाऊन सगळ्यांच्या देखत तंबू, मोजे आणि चिवड्याचे डबे उपसावे लागले. त्यानंतर मी ट्रेकच्या सॅकचा प्रत्येक कप्पा, झाकणाचा आतला खिसा धरून, घरीच उलटा करून झटकतो.

सुरक्षा तपासणीत पाऊच स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळा ठेवावा. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान पॉवर बँक आणि चार्जर वेगळे काढायला सांगतातच. टॉर्चही त्यांच्या शेजारी ठेवली तर बॅग परत यंत्रातून जाण्याची वेळ सहसा येत नाही. कधी टॉर्च लावून दाखवायला सांगतात, म्हणून तिची बॅटरी पूर्ण उतरलेली नसावी.

पाऊचचा दुसरा उपयोग विमानाच्या दारात होतो. कुलूच्या बाजूला जाणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात आणि हातातली बॅग पायऱ्यांपाशी मागून घेऊन सामानकक्षात टाकली जाते. त्या घाईत पॉवर बँक आणि सुटे सेल बॅगेतच राहिले तर नियम मोडतो आणि धोकाही तोच. बॅग देण्याआधी बाहेरच्या कप्प्यातून पाऊच ओढून घ्यावा आणि जवळ ठेवावा.

विमानात आणि परतीच्या वाटेवर

आसनावर बसल्यावर पाऊच डोक्यावरच्या कप्प्यात न टाकता समोरच्या आसनाखालच्या बॅगेत, हाताला लागेल असा ठेवावा आणि प्रवासात पॉवर बँकेने काहीही चार्ज करू नये. टॉर्च किंवा फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे न करता कर्मचाऱ्यांना बोलवावे, कारण आसनाच्या यंत्रणेत चेपला गेलेला सेल पेट घेऊ शकतो. काही गरम लागले, फुगले किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर संकोच न करता लगेच बेल दाबावी.

परतीच्या तयारीत लोक ढिले पडतात. ट्रेक संपताना सेल उतरलेले असतात, आणि ‘मेलेला सेल आहे, त्याला काय होणार’ म्हणून ते सॅकच्या कुठल्याही खिशात जातात. टॉर्च पेटवण्याइतकी वीज नसलेल्या सेलमध्येही शॉर्ट होऊन तापण्याइतकी वीज शिल्लक असू शकते, म्हणून जुन्या सेलनाही टेप आणि वाटणीचा तोच नियम लावावा: लिथियम हातात, साधे चेक-इनमध्ये. ते डोंगरावर किंवा हॉटेलच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा त्या घरी आणून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्याव्यात. लेहहून निघताना हेडटॉर्चमधले साधे सेल हॉटेलच्या खोलीतच काढून चेक-इन बॅगेत ठेवावेत आणि रिकामी हेडटॉर्च हातात घ्यावी; तिथल्या रांगेत गारठलेल्या बोटांनी ते छोटे झाकण उघडत बसणे मी दोनदा करून पाहिलेले आहे.